जॉन ल कारे स्वतः खरोखर गुप्तहेर होते का? आणि त्यांचे आयुष्य त्यांच्या कादंबऱ्यांत किती उतरले आहे?

होय, ते गुप्तहेर होते. मात्र त्यांच्या कादंबऱ्यांचे मूळ शोधायचे, तर गुप्तचर खात्याच्याही आधी त्यांच्या वडिलांच्या घरात डोकवावे लागते, असे त्या पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

त्यांचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. जन्म १९३१ चा, इंग्लंडमधील पूल येथील. वडील रॉनी गोड बोलून लोकांना गंडवत आणि विम्याच्या फसवणुकीपायी त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. डेव्हिड पाच वर्षांचे असताना आई घर सोडून गेली, ती पुन्हा भेटली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. कोणापुढे काय बोलायचे आणि काय दडवायचे, याचे शिक्षण अशा घरात आपोआप मिळते. पुढे ऑक्सफर्डमध्ये शिकताना ते डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांची, म्हणजे आपल्याच सोबत्यांची, माहिती ब्रिटनमधील अंतर्गत सुरक्षा पाहणाऱ्या एमआय-५ या गुप्तचर खात्याला पुरवत असत.

काही काळ ईटन या शाळेत शिकवून ते १९५८ मध्ये एमआय-५ मध्ये रुजू झाले आणि १९६० मध्ये परदेशातील हेरगिरी पाहणाऱ्या एमआय-६ मध्ये गेले. वरकरणी ते पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत अधिकारी होते, आणि अशा अधिकाऱ्यांना स्वतःच्या नावाने कादंबरी छापता येत नसल्यामुळे टोपणनाव घ्यावे लागले.

१९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि दोनच वर्षांनी ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ आली. तिचा शेवट मी विसरू शकलेलो नाही: भिंतीवर चढलेल्या लीमासला, म्हणजे कथेतल्या ब्रिटिश हेराला, पलीकडून सगळे उडी मार म्हणून ओरडत असतात, आणि तो मात्र गोळी लागून खाली पडलेल्या आपल्या प्रेयसीकडे, लिझकडे, परत उतरतो. या कादंबरीला अफाट यश मिळाले आणि १९६४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

त्यांच्या अनेक कादंबऱ्यांतला गुप्तहेर जॉर्ज स्माइली हा बुटका, स्थूल, टायच्या रुंद टोकाने चष्मा पुसणारा माणूस आहे. ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) मध्ये तो खात्यातला फितूर शोधतो. ब्रिटिश गुप्तचर खात्यात राहून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणाऱ्या आणि १९६३ मध्ये मॉस्कोला पळून गेलेल्या किम फिल्बीच्या विश्वासघाताची सावली या कथेवर आहे. पण फितुराची चीड येण्याऐवजी, ज्यांनी त्याच्यावर जीव लावला त्यांचे दुःख लेखक ज्या बारकाईने मांडतो, ते केवळ नोकरीच्या अनुभवातून आलेले नाही.

तुमच्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर ‘अ परफेक्ट स्पाय’ मध्ये सापडेल. तिच्यातील रिक पिम म्हणजे जवळपास रॉनीच, आणि त्याचा मुलगा मॅग्नस बापाला खूश ठेवता ठेवता प्रत्येकाला हवा तसा होत जातो व अखेर आपल्या देशालाही फसवतो. रॉनी १९७५ मध्ये वारले; ही कादंबरी प्रसिद्ध व्हायला १९८६ उजाडले.