सवय होत नाही, कंबर जाते

ताई, नाशिकच्या सिडकोतल्या पाळणाघरात लागून तुम्हाला चार महिने झाले, रोज संध्याकाळी कंबर भरून येते, तीनदा तापाने झोपलात आणि मालकीणबाई म्हणतात, "सवय होईल." त्यात आता तुम्ही बाळाचा विचार करताय. इंदिरानगरात मी सतरा वर्षं हेच काम करतेय. सवय होत नाही, कंबर जाते.

हिशेब मांडून बघा. दोन वर्षांचं मूल अकरा-बारा किलोचं. अशी सहा मुलं दिवसातून पाच-पाच वेळा उचलली तर साडेतीनशे किलोच्या आसपास ओझं झालं, तेही वाकून. वाकण्यापेक्षा वाईट असतं ते उचलता उचलता कंबरेत वळणं. सकाळी अंबडची कंपनीची बस चुकेल म्हणून आई दारातूनच मूल पुढे करते आणि आपण एका हाताने दार धरून, तिरकं होऊन त्याला घेतो. माझी कंबर अशीच धरली. आठ दिवस भिंतीला धरून मोरीपर्यंत जात होते. तेव्हाचे मालक म्हणाले, "मुलं म्हणजे काय सिमेंटची पोती आहेत का?" ते वाक्य मला अजून लागतं.

आता माझ्याकडे दाराशी बुटका बाक आहे. आई मुलाला तिथे बसवते, चालणारं मूल स्वतः आत येतं. लंगोट जमिनीवर बदलत नाही. टेबल आहे, त्याला दोन लाकडी पायऱ्या. मूल हात धरून चढतं, आणि ते वर असेपर्यंत माझा एक हात त्याच्या अंगावरच असतो. जमिनीवरून उचलावंच लागलं तर एक गुडघा टेकवा, मुलाला छातीशी घ्या, मग उठा. पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आता बाळाचं, कारण हे कुणी सांगत नाही. सीएमव्ही नावाचा विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन्‌महिने असतो, मूल मात्र टुणटुणीत दिसतं. गरोदरपणात तो पहिल्यांदा लागला तर पोटातल्या बाळाच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. त्यावर लस नाही. मुलाचा उरलेला वरणभाताचा घास वाया नको म्हणून आपण तोंडात टाकतो ना, तो बंद करा. पापी घ्यायची तर डोक्याची. लंगोट बदलल्यावर आणि नाक पुसल्यावर दरवेळी साबणाने वीस सेकंद हात धुवा. हात-पाय-तोंडाच्या पुरळांची साथ असते तेव्हा नुसत्या सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका. रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी झाल्यात का ते दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात त्या देत नाहीत आणि घेतल्यावरही महिनाभर थांबावं लागतं.

तापाचं मूल, औषध न देता चोवीस तास ताप उतरलेला असल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा नियम पाटीवर लिहून दाराशी लावायला लावा. मुलांच्या आया चिडतात. माझ्याकडेही चिडल्या, पण दोन पावसाळ्यांत अंगवळणी पडलं. संडास धुताना ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो. बंद मोरीत तर जीवावर बेतेल.

पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापतात का तेही बघा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते, पण छोट्या पाळणाघरात बहुधा नसते. असेल आणि हप्ते नियमित भरलेले असतील, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात ७० टक्के पगार मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. तापात बिनपगारी घरी बसू नका.

मालकीणबाईंशी बोलताना टेबलापासून सुरुवात करा. त्यांना ते सगळ्यात लवकर पटेल, कारण त्यांचीही कंबर दुखत असणार. सुताराला सांगा, उंची तुमच्या कोपरापेक्षा थोडी खाली आणि तिन्ही कडांना चार बोटं उंच पट्टी.