गावातल्या ५जी टॉवरमुळे वरून जाणाऱ्या विमानाची उंची चुकते का? आणि घरी स्पीड किती मिळेल?

टॉवरचं आणि विमानाचं हे कोडं मला जवळजवळ प्रत्येक गावात घालतात. आर्वीकडे घरोघरी इंटरनेटच्या जोडण्या करतो मी.

तुमच्या वावरावरून ३६,००० फुटांवर जाणाऱ्या विमानाला टॉवरने काहीएक फरक पडत नाही. तिथे उंची मोजतात ती हवेच्या दाबावरून. विमानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, त्यातून बाहेरचा दाब यंत्राला कळतो. समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल (दाब मोजायचं माप) धरायचे. ३६,००० फुटांवर सव्वादोनशेच्या आसपास उरतात. यंत्र या दाबाचेच फूट करून दाखवतं.

यात गंमत अशी, की मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, हवा फुगते आणि यंत्र ३६,००० म्हणत असताना विमान खरं तर त्याहून वर असतं. तरी टक्कर होत नाही, कारण त्या उंचीवरच्या सगळ्याच विमानांत तोच १०१३.२५ चा आकडा लावलेला असतो. चुकायचं तर सगळ्यांनी सारखंच! म्हणून तर २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात वर-खाली १,००० फुटांचं अंतर पुरतं. विमानं दाखवणाऱ्या ॲपमध्येही सहसा हीच दाबाची उंची दिसते, तुमच्या तुरीच्या शेंड्यापासूनची नाही.

भीती पसरली ती दुसऱ्या यंत्रावरून. रेडिओ अल्टिमीटर जमिनीकडे लहरी सोडतो आणि त्या परत यायला किती वेळ लागला यावरून उंची काढतो. पण त्याचं काम साधारण २,५०० फुटांच्या खाली, मुख्यतः उतरताना. तो ४,२०० ते ४,४०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात चालतो. अमेरिकेने ५जीला ३,९८० पर्यंत, म्हणजे त्याच्या बरीच जवळ जागा दिली, म्हणून २०२२ च्या सुरुवातीला तिथे गोंधळ झाला. आपल्याकडे तो पट्टा ३,६७० लाच संपतो. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार खात्याने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरच्या आत या पट्ट्याचे टॉवर लावू नका, असं कंपन्यांना सांगितलं. ही काळजी नागपुरात विमानतळाजवळच्या सोनेगाववाल्यांनी केली तर समजू शकतो, तुम्ही कशाला?

राहिला स्पीड. ३,३०० च्या वरचा पट्टा जोरदार, पण दूर पोचत नाही. ७०० मेगाहर्ट्झ लांब जातो, पण त्यात मावतं कमी. टॉवर दूर असेल तर ५जी लिहिलेलं दिसूनही स्पीड बेताचाच मिळतो. टॉवरचा सिग्नल पकडणारा डबा टिनाच्या छपराखाली ठेवू नका, बाहेर खांबावर टॉवरकडे तोंड करून लावा, मध्ये कडुनिंब येणार नाही असं पाहा. ४० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिटवर, डाउनलोड सेकंदाला ५ एमबीच (मेगाबाइट) दिसेल. ती फसवणूक नाही, आठ बिटचा एक बाइट होतो.

आणि पैसे भरण्याआधी रात्री आठ-नऊच्या सुमारास, अख्खं गाव मोबाइल घेऊन बसलेलं असताना, आपल्याच अंगणात स्पीड तपासा. एजंट दुपारी दोनला दाखवतो तो आकडा धरू नका.