'पाक' म्हणावे की 'चाशनी'?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात लग्न होऊन आलेल्या एका भगिनींनी प्रश्न विचारला आहे. त्यांचे माहेर पुण्याचे असून तेथे साखर-पाणी उकळून जे तयार होते त्याला 'पाक' म्हणतात. सासरचे कुटुंब पाच पिढ्या मराठी बोलणारे असले तरी तेथे लहानथोर सगळे 'चाशनी' म्हणतात. या भगिनी सध्या घरी केक, टॉफी, लॉलीपॉप करायला शिकत आहेत, आणि त्या कृतींमध्ये 'शुगर सिरप', 'सॉफ्ट बॉल', 'हार्ड क्रॅक' असे शब्द येतात. सासूबाईंना ते मराठीत कसे सांगावेत, 'चाशनी' हा शब्द मराठी मानावा का, आणि दीर म्हणतात त्याप्रमाणे 'पाक' हाच मुळात उर्दू शब्द आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

दिरांच्या शंकेचे उत्तर सर्वांत सोपे आहे. फारसीत 'पाक' म्हणजे शुद्ध, पवित्र. 'पाकसाफ', 'नापाक' हे शब्द त्याचे. स्वयंपाकघरातला 'पाक' मात्र संस्कृतातील 'पच्' या धातूपासून आलेला असून शिजणे, पिकणे, पचणे हे सगळे अर्थ त्या धातूच्या पोटात आहेत. स्वयंपाक, पाककृती, परिपाक ही त्याची सख्खी भावंडे होत. दोन वेगळ्या शब्दांचा उच्चार जुळला, एवढेच येथे घडले आहे. स्वयंपाकातला पाक उर्दू ठरवला, तर आपल्या घरचा रोजचा वरणभातही त्या यादीत जाईल, हे दिरांना हसत हसत सांगायला हरकत नाही.

'शिजवणे' या व्यापक अर्थावरून 'शिजवून दाट केलेली साखर' या नेमक्या अर्थापर्यंत हा शब्द एकट्या मराठीतच पोचला असे नाही. कानडीत 'पाक' म्हणजे साखरेचा पाकच, आणि म्हैसूरपाकाच्या नावात तो सर्वांना दिसतो. तेलुगूत त्याला 'पाकम्' म्हणतात, तमिळमध्ये त्याचा 'पागु' झाला आहे. तेलुगू गृहिणी 'तीगपाकम्' आणि 'उंडपाकम्' असे भेद करतात. 'तीग' म्हणजे तार आणि 'उंड' म्हणजे गोळा. आपला तारेचा पाक आणि गोळीबंद पाक हेच तेथे दुसऱ्या वेषात भेटतात. गुजरातीत वाटणी थोडी वेगळी आहे. कोपरापाक, अडदियापाक अशा तयार मिठाईला तेथे 'पाक' म्हणतात, आणि भांड्यात उकळणाऱ्या द्रवाला 'चासणी'. मराठीत आपण दोन्ही अर्थ एकाच शब्दावर लादले आहेत. नारळीपाक, आवळेपाक हे पदार्थ आहेत, आणि पाकातल्या पुऱ्यांमधला पाक हा द्रव आहे.

ग्वाल्हेरकरांनी एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. आपल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांकडे जन्माष्टमीला खोबऱ्याचा, मखाण्याचा, खरबुजाच्या बियांचा 'पाग' होतो, आणि साखर चढवलेल्या शकरपाऱ्यांना ते 'पगे हुए' म्हणतात. हा 'पाग' म्हणजे आपला 'पाक'च होय. शाकाचा साग झाला, काकाचा काग झाला, तसाच पाकाचा पाग झाला. तेव्हा 'पाक' हा दक्षिणेकडचा किंवा पुण्याचा शब्द आणि 'चाशनी' हा इकडचा, अशी जी समजूत आपल्या घरांत रुजली आहे, तिला फारसा आधार उरत नाही. उत्तरेकडेही हा शब्द आहेच. फक्त तो द्रवावरून पदार्थाकडे सरकला, आणि द्रवाची मोकळी झालेली जागा 'चाशनी'ने घेतली.

'चाशनी'चे कूळ फारसी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ गोडाशी बांधलेला नाही. फारसीत 'चशीदन' म्हणजे चाखणे. 'चाशनी' म्हणजे चव, चव घेण्यापुरता काढलेला अंश, तोंडीलावणे. सुलतानांच्या दरबारात राजाच्या आधी अन्न चाखून पाहणारा 'चाशनीगीर' नावाचा अधिकारी असे. तुर्कीत 'चेश्नी' म्हणजे आजही चव किंवा मसाल्याची लज्जत. (आजच्या फारसीत स्फोटकाला पेटवणाऱ्या टोपीलाही 'चाशनी' म्हणतात, तो अर्थ येथे कोणाच्या कामाचा नाही, पण शब्द किती लांबवर भटकतात ते त्यावरून दिसते.) चाखून पाहण्याचा हाच अर्थ हिंदीत आणखी एका बाजूने उरला आहे. दागिना घडवायला सोने देताना गिऱ्हाईक त्यातला लहानसा तुकडा नमुना म्हणून स्वतःजवळ ठेवी, आणि दागिना हाती आल्यावर त्याच्याशी पडताळून पाही. त्या तुकड्यालाही 'चाशनी' म्हणत. लश्करच्या सराफ्यात वावरलेल्या जुन्या माणसांना हा अर्थ चमत्कारिक वाटू नये.

आता 'चाशनी' मराठी मानावी का? शब्द फारसी आहे म्हणून तो टाकायचा असेल, तर प्रश्नकर्त्या राहतात त्या 'लश्कर'पासूनच सुरुवात करावी लागेल. दौलतराव शिंद्यांनी सुमारे १८१० मध्ये येथे छावणी टाकली आणि त्या छावणीचे शहर झाले, पण नाव छावणीचेच राहिले. शिवाय 'एकतारी पाक' म्हणताना आपण जो 'तार' उच्चारतो, त्याचीही चौकशी करावी लागेल. सतारीतला 'तार' फारसी आहे हे निर्विवाद आहे, आणि पाकाची तार त्याच घराण्यातली मानली, तर ठेवणीतला मराठी वाटणारा हा शब्दप्रयोगही निम्मा फारसी ठरतो. दोनशे वर्षे ज्या घरांत मराठी बोलली गेली, त्या घरांत रुळलेला शब्द त्या मराठीचा आहे, असे मी मानतो. पुण्याच्या मराठीत तो कमी ऐकू येतो, एवढे म्हणणे पुरे.

तथापि हे दोन शब्द सर्वस्वी एकमेकांच्या जागी बसतात, असे मला वाटत नाही. माझी आजी, जी जन्मभर लश्करात राहिली, 'चाशनी' हा शब्द सर्रास वापरीत असे. पण बेसनाचे लाडू बिघडले की ती 'पाक पुढे गेला' असेच म्हणे. 'चाशनी पुढे गेली' असे मी तिच्या तोंडून कधी ऐकले नाही. मराठीतल्या वाक्प्रयोगांकडे पाहिले की याचे कारण उमगते. पाक 'होतो', 'कच्चा राहतो', 'पुढे जातो', 'चुकतो'. साखर-पाणी चुलीवर खळखळत असताना आपण 'अजून पाक झाला नाही' असे म्हणतो, म्हणजे भांड्यातल्या त्या द्रवाला अद्याप ते नाव मिळालेले नसते. पाक हा पदार्थ तर आहेच, पण त्याआधी ती एक गाठायची अवस्था आहे. 'पच्' धातूतली क्रिया त्या नामात अजून जिवंत आहे. चाशनीचे तसे नाही. ती वाटीत असते, जिलबीतून ठिबकते, गुलाबजाम तिच्यात बुडतात. वस्तूचे नाव म्हणून ती उत्तम आहे; अवस्था मोजायला लागलो की जीभ आपोआप 'पाका'कडे वळते.

केकच्या कृतींतील 'शुगर सिरप'चे उत्तर यातूनच मिळते. केकचा स्पंज ओलसर राहावा म्हणून त्यावर जे शिंपडतात, त्यात बहुधा साखर आणि पाणी सारख्याच मापाने घेऊन साखर विरघळेपर्यंत फक्त एक उकळी आणतात. बोटांत धरले तर त्याला तार येत नाही. त्याला पाक म्हणू नये. म्हटल्यास सासूबाई ते आटवत बसतील आणि स्पंजावर साखरेचे खडे उमटतील. त्याला 'साखरपाणी' म्हणावे, किंवा घरच्या सवयीने 'पातळ चाशनी' म्हणावे.

टॉफी आणि लॉलीपॉपच्या बाबतीत मात्र मराठीजवळ तयार शिडी आहे, आणि तिथे इंग्रजी शब्दांची मिजास चालवून घेण्याचे कारण नाही. साखरेच्या द्रावणातले पाणी जसजसे उडून जाते, तसतसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो. म्हणून तापमापी जे अंश दाखवते ते खरे पाहता साखर किती दाट झाली याचेच माप असते. आपल्या आज्या हेच माप अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब धरून घेत. बोटे विलग करताना एक तार टिकली तर एकतारी, दोन टिकल्या तर दोनतारी. इंग्रजी कृतींत या सगळ्या टप्प्याला 'थ्रेड' असे एकच नाव आहे आणि तो साधारण १०६ ते ११२ अंश सेल्सिअसपर्यंत धरतात. एक तार आणि दोन तारा हा भेद आपल्याकडेच अधिक बारकाईने केलेला आहे, कारण रव्याचे लाडू वळायचे की पुऱ्या मुरवायच्या, हे त्यावरच ठरते. त्यानंतर ११२ ते ११६ अंशांवर, म्हणजे द्रावणात सुमारे ८५ टक्के साखर असताना, थेंब थंड पाण्यात टाकल्यास त्याची मऊ गोळी वळता येते. हाच 'सॉफ्ट बॉल', आणि हाच आपला गोळीबंद पाक. चघळण्याच्या कॅरमेलसाठी त्याच्या किंचित पुढे जावे लागते. तेथे 'घट्ट गोळीचा पाक' म्हणावे.

ही पारख अलीकडची नाही. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अवलेह, म्हणजे औषधी चाटण, नीट शिजल्याच्या ज्या खुणा दिल्या आहेत, त्यांत त्याला तंतू सुटणे, पाण्यात टाकल्यास तो बुडणे आणि बोटाने दाबल्यास बोटाचा ठसा उमटणे या तिन्ही आहेत. तार आणि गोळी या दोन्ही परीक्षा त्यात येऊन जातात, फक्त पदार्थ औषधी आहे.

'हार्ड क्रॅक'साठी मराठीत एका शब्दाचे नाव नाही, हे मान्य करायला हवे. ती अवस्था १४६ ते १५४ अंशांवर येते आणि तेव्हा द्रावणात पाणी जवळजवळ उरतच नाही. चिक्की करणाऱ्या बायका गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो 'काटकन मोडतो का' हे पाहतात, किंवा ताटलीवर आपटून टणक आवाज ऐकतात. या वर्णनावरूनच 'मोडता पाक' असे म्हणावे, असे मी सुचवतो. 'कडक पाक' हा शब्द बरेच जण वापरतात. तो चूक नाही, पण घट्ट गोळीच्या पाकालाही काही घरांत कडकच म्हणतात आणि मग घोटाळा होतो. सासूबाईंना समजावताना मुरेनेच्या गजकेचा, म्हणजे तिळाच्या खुसखुशीत मिठाईचा, दाखला सर्वांत उपयोगी पडेल. गजकेचा पाक असाच पुढे नेतात, निवत आला की खुंटीला अडकवून पुन्हा पुन्हा ओढतात, त्यात हवा शिरून त्याचा रंग फिकट, रुपेरी होतो, आणि मग तो तिळाबरोबर कुटतात. लॉलीपॉपचा पाकही याच पायरीवर उतरवायचा, फक्त ओढायचा नाही.

'पाक साखरतो' हे क्रियापदही प्रश्नकर्त्यांनी वहीत टिपून ठेवावे. विरघळलेल्या साखरेचे पुन्हा कण होणे, हा अर्थ त्या एका शब्दात येतो. पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विभागला जातो आणि ही मिसळ कण जुळू देत नाही. संक्रांतीच्या हलव्याला मात्र पाक साखरायलाच हवा असतो. कोमट परातीतल्या तिळांवर चमचा चमचा पाक सोडून बोटांनी हलवत राहिले की प्रत्येक थर साखरतो आणि त्यातूनच काटा फुलतो. तिथे कोणी लिंबू पिळले, तर दागिन्यांचा बेत रद्द करावा लागेल.

राहता राहिला व्याकरणाचा भाग. 'पाक' पुल्लिंगी आहे आणि 'चाशनी' स्त्रीलिंगी, त्यामुळे 'कच्चा पाक' पण 'कच्ची चाशनी', 'मोडता पाक' पण 'मोडती चाशनी' असे म्हणावे लागेल. 'एकतारी', 'दोनतारी', 'गोळीबंद' ही विशेषणे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत आणि ती जोडूनच लिहावीत. प्रश्नकर्त्या 'गोळीबंद पाक' म्हणाल्या आणि सासूबाई 'गोळीबंद चाशनी' म्हणाल्या, तरी गॅस दोघी एकाच वेळी बंद करतील.