सासू-सासऱ्यांना घरी ठेवून गेमला जाऊ नकोस

मिशिगनमधल्या नोव्हीहून एका सूनबाईचं पत्र आलंय. "ताई, आमचं सगळं घर अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं वेडं. हे अ‍ॅन आर्बरलाच एमएस झाले, मुलांना तर चालता यायच्या आधीपासून पिवळे-निळे शर्ट. होम गेमचा, म्हणजे आपल्याच स्टेडियममधल्या सामन्याचा, शनिवार आम्ही कधी चुकवला नाही. यंदा सासू-सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेत. सासूबाई म्हणतात तुम्ही जा, आम्ही टीव्ही बघत बसतो. पण निघताना दोघांची तोंडं उतरलेली दिसतात. त्यांना नियमही माहीत नाहीत. काय करू?"

अगं, काय करू काय, घेऊन जा! आईवडिलांना आपण नायगरा दाखवतो, शिकागो दाखवतो, कॉस्टकोला तर दर आठवड्याला नेतो, आणि नातू ज्याच्यासाठी ओरडून ओरडून घसा बसवून येतो तेवढंच नेमकं दाखवायचं नाही. "त्यांना काय कळणार" हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडी मी इतक्यांदा ऐकलंय ना, की आता खरंच राग येतो. तुझ्या मुलांचं गाव अ‍ॅन आर्बर आहे गं, आजी-आजोबांना त्यांच्या गावची जत्रा बघू दे की.

आणि नियम माहीत नसतील तर सांग ना. माझे बाबा साताऱ्याचे, शाळामास्तर, रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकण्यात उभा जन्म गेलेला. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये नोत्र दाम युनिव्हर्सिटीविरुद्धच्या रात्रीच्या गेमला आम्ही त्यांना नेलं. आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर माझ्या मुलाने सांगितलं, आजोबा, ओव्हरमध्ये सहा बॉल तसे इथे चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, तेवढ्यात दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा नवे चार, नाहीतर बॉल समोरच्यांना. बॉल समोरच्यांच्या टोकापर्यंत नेला की टचडाउन, त्याचे सहा, वर किक मारून एक, आणि नुसता किकने खांबांमधून मारला तर फील्ड गोल, त्याचे तीन. झालं, एवढ्यावर माणूस पहिल्या क्वार्टरमध्ये रमतो.

पण बाबांना खरं बांधून ठेवलं ते गोष्टीने. त्या रात्री आपला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, डेव्हिन गार्डनर ९८ नंबर घालून उतरला, तो नंबर मुळात मिशिगनच्याच जुन्या खेळाडूचा, टॉम हार्मनचा. हार्मनने १९४० साली हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, जिंकली, मग युद्धात वैमानिक झाला, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात विमान पडलं त्यातून वाचला, पुढे चीनवर विमान पाडलं गेलं त्यातूनही वाचला, आणि त्याच्या बायकोच्या लग्नाच्या ड्रेसला त्याच्या पॅराशूटचं रेशीम वापरलं होतं. हे ऐकल्यावर बाबांची नजर ९८ वरून हलली नाही. १,१५,१०९ माणसं होती त्या दिवशी, आपण ४१-३० जिंकलो, आणि परतीच्या गाडीत आजोबा-नातवाचं जे बोलणं चाललं होतं तसं त्याआधी मी कधी ऐकलं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला ३४-१३ हरवून आपण कॉलेज फुटबॉलचे चॅम्पियन झालो तेव्हा भारतात सकाळ होती, आणि माझ्या मुलाला पहिला फोन आला तो साताऱ्याहून.

म्हणून म्हणते, नियम तू नको सांगूस, मुलांना सांगू दे. त्यांचं मराठी अडखळेल, अडखळू दे.

आता तयारी नीट कर. पहिल्यांदा नेताना सप्टेंबरचा दुपारी बाराचा गेम निवड, नोव्हेंबरच्या गारठ्यात नाशिकच्या माणसाला बसवू नकोस. बिग हाउसचा, म्हणजे आपल्या स्टेडियमचा, बराचसा भाग जमिनीच्या खाली आहे हे तुला माहीतच आहे, म्हणजे खालच्या रांगांची तिकिटं घेतलीस तर येताना सगळ्या पायऱ्या चढून यावं लागतं, तेव्हा सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी आत शिरल्या शिरल्या मिळतील अशा रांगा बघ. स्टुडंट सेक्शनपासून लांब, ती पोरं पूर्ण गेम उभी असतात. बाकांना पाठ नसते, टेकायची काहीतरी सोय कर. कागदावर साठ मिनिटं असली तरी साडेतीन तास धरून चाल. काय आत नेता येतं ते आधी स्टेडियमच्या साइटवर वाच, औषधांचं तर नक्की. आणि बँड चुकवू नका, बँडच्या पुढे चालणारा ड्रम मेजर पाठीतून मागे वाकून डोकं जमिनीला टेकवतो ते सासूबाईंना बघायचंय.

त्यांचा शनिवारचा उपास असतो असं लिहिलंयस. मग टेलगेटला, म्हणजे गेमआधी गाडीपाशी होणाऱ्या खाण्यापिण्याला, साबुदाण्याची खिचडी ने, समोरच्या गोल्फ कोर्सवर गाडी लावून डबा उघडायचा, शेजारचे ग्रिलवाले स्वतःहून विचारायला येतात.

बाकीचे प्रश्न. तिकिटांचा खर्च खूप होतोय म्हणतेस, तर सगळ्या गेमना सहा जणांनी जायची गरज नाही, वर्षातून एकदा सगळे आणि एरवी आळीपाळीने, एका वेळी एका आजोबांना एक नातू पुरतो. मंडळाची दिवाळी गेमच्याच शनिवारी आली तर दिवाळीला जा, यात विचारण्यासारखं काही नाही. आणि लेकीला आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांकडे, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला जायचंय म्हणून घरात अबोला धरलाय, तो आजच्या आज सोडा. तिला हवा तो कोर्स तिथे असेल तर जाऊ दे, त्यांचा-आपला गेम १८९७ पासून चाललाय, तिच्या अ‍ॅडमिशनने त्यात काही फरक पडत नाही.