किंकाळी कोणाची होती?

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. धरमपेठेतल्या आमच्या चहाच्या टपरीवर अमेरिकेतल्या ट्रेव्हॉन मार्टिन केसवरून दोन मित्र असे भिडले की आता बोलणंच बंद आहे. एक म्हणते झिमरमननं मागं लागून पोराले मारलं, दुसरा म्हणते कोर्टानं सोडलं म्हणजे पोरानंच आधी हात उचलला. खरं काय मानायचं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, दोघांनीही रिकाम्या जागा आपल्या मनानं भरल्यात. 26 फेब्रुवारी 2012, फ्लोरिडातलं सॅनफर्ड. 17 वर्षांचा काळा मुलगा ट्रेव्हॉन निःशस्त्र होता आणि वस्तीच्या पहाऱ्याचा स्वयंसेवक असलेल्या झिमरमनच्या पिस्तुलाच्या गोळीनं गेला, इथपर्यंत वाद नाही. झिमरमननं पोलिसांना फोन केला तेव्हा ऑपरेटरनं मुलाच्या मागं जायची गरज नाही म्हटलं तेही रेकॉर्डवर आहे, झिमरमनच्या नाकाला-डोक्याला जखमा होत्या तेही आहे. पण झटापट सुरू कोणी केली? ती सुरू होताना पाहणारा साक्षीदार नाही. शेजाऱ्यानं पोलिसांना केलेल्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये मागं मदतीसाठी कोणीतरी ओरडतंय, आणि दोन्ही आयांनी शपथेवर सांगितलं, हा माझ्याच मुलाचा आवाज. आता सांगा, आपण इथं बसून कोणत्या आईला खोटं म्हणायचं?

त्यात एका मोठ्या चॅनेलनं झिमरमनच्या फोनची टेप कापून लावली. ऑपरेटरनं विचारलं होतं, तो काळा आहे, गोरा आहे की हिस्पॅनिक, आणि मग झिमरमननं काळा दिसतो म्हटलं. चॅनेलनं मधला प्रश्नच उडवला, त्यामुळं संशयाला जोडून रंग तो स्वतःहून बोलला असं ऐकू आलं. चॅनेलनं नंतर माफी मागितली, पण तोवर लोकांची मतं पक्की झाली होती. मला याचा फार राग येतो, कारण मुलाच्या बाजूनं बोलण्यासारखं खरं पुष्कळ होतं, टेप कापायची काही गरजच नव्हती.

दुसऱ्या मित्राला हे सांगा : 13 जुलै 2013 ला ज्युरीनं निर्दोष म्हटलं त्याचा अर्थ झिमरमनची कहाणी सिद्ध झाली असा नाही. तिथं स्वसंरक्षण नव्हतंच हे सरकारी पक्षानं संशयापलीकडं सिद्ध करायचं होतं, ते जमलं नाही, एवढंच. आपल्याकडं उलटं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मधला बचाव घ्यायचा तर तो आरोपीनंच दाखवायचा, फक्त त्याला संशयापलीकडं जावं लागत नाही, तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दिसलं तरी चालते, आणि ते सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासणीतूनही दाखवता येते.