अवेस्ता या जरथुश्त्री धर्मग्रंथातला करारांचा देव मिथ्र गेममध्ये घ्यायचाय. शक्ती कोणत्या द्याव्यात, आणि तो बैल मारताना दाखवावा का?

बैल मारताना दाखवू नका. शब्द मोडणाऱ्याला शिक्षा देणं हीच त्याची मुख्य शक्ती ठेवा. बैलाचा वध आणि सिंहाचं डोकं असलेली आकृती रोमन साम्राज्यातल्या मिथ्रास पंथाच्या शिल्पांतून आलीय, अवेस्तात हे नाही. तुमचा खरा आधार म्हणजे मिहिर यश्त, अवेस्तातलं त्याचं स्तोत्र (यश्त १०). त्यात तो हजार कानांचा, दहा हजार डोळ्यांचा, कधीही न झोपणारा आहे. रथाला चार पांढरे घोडे, त्यांचे पुढचे खूर सोन्याने मढवलेले, मागचे चांदीने. हातात शंभर गाठींची, शंभर धारांची गदा. ऋग्वेदातला मित्रही (३.५९) न लवणाऱ्या डोळ्यांनी माणसांकडे पाहतो, म्हणून रूप ठरवताना पंखांपेक्षा डोळ्यांवर मेहनत घ्या. सगळ्यात सुंदर तपशील विसाव्या कडीत आहे: करार मोडणाऱ्याने फेकलेला भाला उलटा फिरतो. हाच नियम गेममध्ये घाला. खेळाडूने एखाद्या पात्राला दिलेला शब्द मोडला की त्याची फेकायची शस्त्रं त्याच्यावरच उलटावीत. दुसऱ्या कडीप्रमाणे दुष्टाला दिलेला शब्दही पाळावाच लागतो, त्यामुळे खलनायकाशी तह करणं हा मोठा पेच होईल. मात्र चालू करार स्क्रीनवर सतत दिसू द्या, नाहीतर उलटलेला भाला बग वाटेल.

एक मर्यादा पाळा: जरथुश्त्री समाज आजही त्याला पूजतो, अग्यारीला (अग्निमंदिराला) 'दर-ए-मेहेर' असंही म्हणतात, मेहेर म्हणजे मिथ्रच. त्याला हरवायचा बॉस करू नका.