सेंट पीटर्सबर्गमध्ये एकाच दिवशी राजवाडा, महागडं जेवण आणि बॅले जमेल का? बॅलेतलं काही कळत नसेल तर तिकिटाचे पैसे वाया जातात का?

जमतं. तिन्हींतलं एक कापायची वेळ आली तर जेवण कापा, बॅले नाही. तुमचा दुसरा प्रश्न वाचून मात्र राहवलं नाही, कारण आमच्या घरात हा वाद अजून धुमसतोय.

आम्ही दोघं, माझे दीर आणि जाऊबाई असे गेलो होतो. सकाळी विटेब्स्की स्टेशनवरून लोकलने त्सारस्कोये सेलो, साधारण अर्धा तास. रशियातली पहिली रेल्वे १८३७ साली इथेच धावली, ती राजघराण्याच्या या गावासाठी. कॅथरीन पॅलेसमध्ये बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून सोनेरी दालनांतून फिरायचं. तिथली अंबर रूम म्हणजे अंबरने, दगड झालेल्या झाडाच्या डिंकाने, मढवलेली खोली. तिच्यातलं मूळ अंबर जर्मनांनी १९४१ मध्ये काढून नेलं, ते आजतागायत सापडलेलं नाही. आता दिसते ती १९७९ पासून घडवत आणून २००३ मध्ये पुरी केलेली खोली. हे ऐकून भावोजी म्हणाले, "म्हणजे डुप्लिकेटच की!" आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच रेंगाळले.

संध्याकाळच्या जेवणाचा हट्ट त्यांचाच. शहरातल्या नेव्हस्की या मुख्य रस्त्याजवळच्या एका भारी रेस्टॉरंटमध्ये पाच कोर्सचं जेवण. आम्ही शाकाहारी आहोत आणि साडेसहाला निघायचंय, हे बुकिंग करतानाच सांगितलं होतं. तरी बीटाचं सूप आलं ते गोमांसाच्या पाण्यातलं. परत पाठवलं. मग मशरूमचं काहीतरी आलं, त्यात चिकन. तेही परत. यात तास गेला, पोटात फक्त ब्रेड आणि लोणी. सहा पस्तीसला मी उठले. भावोजी म्हणाले, "गोड यायचंय अजून, पैसे मोजलेत." मी नवऱ्याला उठवलं आणि टॅक्सी केली.

बॅले होता त्या मारिन्स्की थिएटरात आपल्या नाटकासारख्याच तीन घंटा होतात. फरक एवढाच, की तिसरी झाली की झाली. आपल्याकडे पहिला प्रवेश सुरू असताना टॉर्चच्या उजेडात "जरा पाय घ्या हो" करत लोक येतात, तसं तिथे नाही. भावोजी आणि जाऊबाई मध्यंतरापर्यंत बाहेर कोचावर बसून होते.

आणि त्यांचं हुकलं काय, तर 'स्वान लेक'चा तळ्याकाठचा प्रवेश! निळसर उजेडात एकामागून एक हंसिणी येतात, रांगा धरतात. पुढच्या रांगांत बसलात तर वाद्यवृंद हळू झाला की त्यांच्या बुटांची टोकं फळ्यांवर आपटल्याचा टपटप आवाज येतो. हवेत तरंगणाऱ्या बायकांना वजन आहे हे तेव्हा जाणवतं. मग चौघी हातात हात गुंफून, माना एकदम वळवत नाचतात. यात न कळण्यासारखं काय आहे? राजपुत्र, शापित मुलगी, दुष्ट जादूगार. गोष्ट पाच वर्षांच्या पोराला कळेल. तरी पेटिपा आणि इवानोव या नृत्यदिग्दर्शकांची ही रचना याच थिएटरात १८९५ मध्ये आली एवढं वाचून गेलात तर जास्त मजा येईल. दरबाराच्या प्रवेशात काळी हंसिणी एका पायावर बत्तीस गिरक्या घेते, त्या मोजा. माझ्या शेजारची रशियन बाई ओठांतल्या ओठांत मोजत होती. भावोजींना तेवढ्यात डुलकी लागली होती.

आज दर लग्नाकार्यात हेच भावोजी सांगतात, "बॅलेत काही दम नाही बुवा. घुंगरूच नाही, ताल कळणार कसा?" अहो, अर्धं तुम्ही कोचावर काढलंत, उरलेलं झोपेत!

तेव्हा दुपारी राजवाड्याहून परतताना कोबीचे किंवा बटाट्याचे पिरोश्की, म्हणजे सारण भरलेले छोटे पाव, खा (आत काय आहे ते विचारून), आणि सातचा प्रयोग असेल तर सव्वासहाला थिएटरात पोचा. कोट क्लोकरूममध्ये द्यावाच लागतो. त्याला अडकवायची नाडी नसेल तर तिथल्या आजीबाई बोलणी घालतात. दुर्बीण भाड्याने घेतली तर बहुतेक ठिकाणी निघताना कोटाच्या रांगेत थांबावं लागत नाही.

हो, एक राहिलंच: कॅथरीन पॅलेस मंगळवारी बंद असतो, त्या दिवशी सेंट पीटर्सबर्गमधलंच हर्मिटेज संग्रहालय करा. ते सोमवारी बंद. आपली व्हिसा-मास्टरकार्ड तिथे २०२२ पासून चालत नाहीत, रोकड न्या. आणि बरोबर कुणी "पैसे मोजलेत" म्हणणारं असेल, तर त्यांचं तिकीट सकाळीच त्यांच्या हातात देऊन टाका.